चिनी कलेचा अभ्यास: शेकडो दुव्यांऐवजी एक चित्र

प्रिय वाचक,

तुमच्या विनंतीनुसार तुमचे नाव येथे दिलेले नाही. तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत कलाशिक्षिका आहात. कला महाविद्यालयात तुम्ही पाश्चात्त्य आणि भारतीय कलेचा इतिहास शिकलात, पण चीनच्या वाट्याला अभ्यासक्रमात जेमतेम दोन-तीन पाने आली. गेले वर्षभर तुम्ही चिनी चित्रकलेवर मिळेल ते वाचत आहात, शेकडो संकेतस्थळांचे दुवे साठवून ठेवले आहेत, आणि तरीही हाती काहीच लागत नाही असे तुम्हाला वाटते. चिनी भाषा येत नसताना हा अभ्यास गांभीर्याने करता येतो का, कोणत्या साधनांवर भरवसा ठेवावा, आपल्याकडे प्रत्यक्ष पाहण्यासारखे काय आहे, आणि पुढे रीतसर शिक्षणाची वाट आहे का, असे चार प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

साधनांची कमतरता ही तुमची अडचण नाही. जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी आपले चिनी संग्रह घरबसल्या पाहता येतील असे खुले केले आहेत, आणि पूर्वी ज्या चित्रासाठी विमानाचे तिकीट काढावे लागे त्याची कुंचल्याची रेघन्‌रेघ आज शाळेच्या संगणकावर दिसते. तुमची अडचण क्रमाची आहे. शांग, झोऊ, हान, थांग, सोंग, युआन, मिंग, छिंग अशा राजवटींच्या क्रमाने सुरुवात केली की नावे पाठ होतात, पण एकही चित्र मनापासून पाहून होत नाही. म्हणून माझा सल्ला असा की एक चित्र निवडावे आणि काही महिने त्याच्या संपूर्ण आयुष्याचा शोध घ्यावा: ते कोणी काढले, कोणासाठी काढले, कोणाकोणाच्या घरी गेले, कोणी त्याच्या नकला केल्या, आज ते कुठे आहे आणि तिथे ते का आहे. चिनी चित्रांच्या बाबतीत हा मार्ग विशेष फलदायी ठरतो, कारण चित्र आपला इतिहास स्वतःच्या अंगावर वागवते. मालकांच्या लाल मुद्रा, रसिकांनी आणि विद्वानांनी लिहिलेले अभिप्राय, त्या अभिप्रायांसाठी मागाहून जोडलेले कागद, हे सारे तिथे चित्राचाच भाग मानले जाते.

तुमच्यासाठी मी ह्वांग गोंगवांग (1269–1354) या चित्रकाराचे ‘फुचुन पर्वतातील निवास’ हे शाईचे चित्र सुचवीन. ही कागदावरची आडवी गुंडाळी आहे. ती टेबलावर ठेवून उजवीकडून डावीकडे थोडी थोडी उलगडत पाहायची असते. चित्राच्या शेवटी चित्रकाराने स्वतः 1350 साली लिहिलेला मजकूर आहे. त्यात तो सांगतो की तीन-चार वर्षे झाली तरी चित्र पुरे झालेले नाही, आणि ज्या वूयोंग नावाच्या ताओपंथी मित्रासाठी ते काढले जात आहे त्याला ते दुसरा कोणी तरी बळकावील अशी भीती वाटते, म्हणून ते कोणाचे आहे हे आधीच लिहून ठेवण्याचा त्याने आग्रह धरला आहे. चित्रकार आणि त्याचा आश्रयदाता यांचे नाते, विकण्यासाठी नव्हे तर मित्रासाठी चित्र काढण्याची विद्वान चित्रकारांची रीत, आणि त्या रीतीआड असलेली मालकीची चिंता, या तिन्ही गोष्टी एवढ्या चार ओळींत आल्या आहेत. पुस्तकातील ‘युआन काळातील विद्वानांची चित्रकला’ हे प्रकरण यानंतर वाचले तर ते वेगळेच वाटेल.

वूयोंगची भीती पुढे खरी ठरली. मिंग काळात हे चित्र शेन झोऊ या थोर चित्रकाराकडे आले, त्याच्या हातून गेले, आणि त्याने 1487 मध्ये ते आठवणीतून पुन्हा काढले. ती आठवणीतली प्रत आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. मूळ चित्र दोंग छिछांग या चित्रकार-समीक्षकाकडून पुढे वू घराण्यात गेले. 1650 मध्ये त्या घराण्यातील वू होंगयू याने मरणशय्येवर, हे चित्र आपल्याबरोबर यावे म्हणून, ते जाळण्याची आज्ञा दिली. पुतण्याने ते आगीतून ओढून काढले, पण तोवर त्याचे दोन तुकडे झाले होते. सुरुवातीचा सुमारे 51 सेंटीमीटरचा तुकडा आज हांगझोऊ येथील झेजियांग प्रांतिक संग्रहालयात आहे, आणि 6 मीटरहून लांब असा उरलेला भाग तैपेच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. 2011 मध्ये तैपे येथे हे दोन्ही भाग एकत्र प्रदर्शित झाले.

या कथेतला मला सर्वांत शिकवणारा वाटणारा भाग छिंग राजवटीतील छियानलोंग सम्राटाचा आहे. 1745 मध्ये त्याच्याकडे या चित्राची एक नक्कल आली. तिलाच अस्सल समजून त्याने पुढील वर्षांत तिच्यावर पन्नासहून अधिक वेळा स्वतःच्या हाताने लिहिले, इतके की तिच्यात मोकळी जागाच राहिली नाही. 1746 मध्ये खरे चित्र दरबारात आले तेव्हा त्याने ते नक्कल ठरवले आणि तसा निर्णय एका दरबाऱ्याकडून त्याच्यावर लिहवून घेतला. त्यामुळे खरे चित्र सम्राटाच्या लेखणीपासून बचावले. दोन्ही गुंडाळ्या आज तैपेत आहेत आणि दोन्हींची छायाचित्रे पाहता येतात. ती शेजारी शेजारी ठेवून डोंगराच्या कडा, झाडांचे ठिपके, कोरड्या कुंचल्याच्या रेघा यांची तुलना करावी. अस्सल आणि नक्कल यांत डोळ्यांना काय वेगळे दिसते हे शिकवणारा इतका उत्तम धडा मला दुसरा माहीत नाही.

आता साधने कोणती, हे सांगणे सोपे जाईल, कारण प्रत्येक साधन कोणत्या प्रश्नासाठी उघडायचे हे तुम्हाला कळलेले असेल.

चित्र पाहण्यासाठी पहिले ठिकाण तैपेच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयाचे खुले माहिती-भांडार. छिंग दरबाराचा संग्रह जपानी आक्रमणाच्या भीतीने 1933 मध्ये बीजिंगहून हलवला गेला, युद्धकाळात चीनभर फिरला, आणि 1948–49 मध्ये त्यातील निवडक वस्तू जहाजांनी तैवानला नेण्यात आल्या. म्हणूनच सोंग काळातील कितीतरी मुख्य चित्रे आज तिथे आहेत. फान क्वानचे ‘डोंगर-ओढ्यांतील वाटसरू’ त्यांपैकी एक. 2 मीटरहून उंच असलेल्या या रेशमी चित्रात खेचरांच्या तांड्यामागील पानांत लपलेली चित्रकाराची सही 1958 मध्ये तिथल्याच एका अभ्यासकाच्या लक्षात आली. सुमारे साडेनऊशे वर्षे जगातल्या जाणकारांनी पाहिलेल्या चित्रातही काही पाहायचे उरलेले असते, हे त्यातून कळते. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयाचेही स्वतःचे डिजिटल भांडार आहे. झांग झदुआनची ‘छिंगमिंगच्या सणात नदीकाठी’ ही सुमारे 5.28 मीटर लांबीची गुंडाळी पाहण्यासाठी तरी ते उघडावेच. पुलावरची गर्दी, डोलकाठी खाली घेणारी होडी, दुकानांच्या पाट्या, उंटांचा तांडा, हे पाहताना सोंग काळातील शहराचा अर्थव्यवहार समजू लागतो.

अमेरिकेतील तीन संग्रहालये तुम्हाला वारंवार लागतील. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने (‘मेट’) 2017 मध्ये आणि क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयाने 2019 मध्ये प्रताधिकारमुक्त कलाकृतींची छायाचित्रे सर्वांना मुक्तपणे वापरू दिली. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहाने आपल्या सोंग आणि युआन चित्रांची जी तपशीलवार सूची खुली केली आहे, तिच्यात प्रत्येक चित्रावरील मुद्रा आणि अभिप्राय वाचून त्यांचे इंग्रजी भाषांतर दिले आहे. ज्यांना चिनी येत नाही त्यांच्यासाठी हे फार मोठे दान आहे. चित्रावरची कोणती मुद्रा कोणाची आहे हे तिथे दहा-बारा चित्रांत पाहिले की छियानलोंगची मोठी, चित्राच्या माथ्यावर बसणारी मुद्रा तुम्ही दुरूनही ओळखू लागाल. मेटच्या संकेतस्थळावरील कलेतिहासाची कालरेषाही सुरुवातीच्या वाचनाला चांगली आहे, कारण तिथले निबंध संग्रहालयाच्या जाणकारांनी लिहिलेले आहेत, आणि संग्रहालयाची अनेक जुनी प्रकाशने मोफत वाचता येतात.

आडव्या गुंडाळीचे एक दुखणे पुस्तकात कधीच दूर होत नाही. छापताना तिचे तुकडे होतात, नाहीतर संपूर्ण गुंडाळी बोटभर उंचीची होऊन बसते. शिकागो विद्यापीठातील पूर्व आशियाई कलाकेंद्राने तयार केलेल्या संकेतस्थळावर वेगवेगळ्या संग्रहालयांतील गुंडाळ्या उजवीकडून डावीकडे सरकवत पाहता येतात. तिथे घाई करू नये. पडद्यावर एका वेळी हातभर चित्र दिसेल इतकेच उघडावे, कारण चित्रकाराने तेवढेच दिसेल असे धरून रचना केलेली असते.

व्याख्यानांपैकी एकच नाव घेईन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील जेम्स केहिल यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत प्रारंभीच्या चिनी निसर्गचित्रांवर दीर्घ चित्रफीत-व्याख्यानमाला तयार केली आणि ती सर्वांसाठी मोफत ठेवली. प्रत्येक चित्राचे बारकावे पडद्यावर दाखवत ते सावकाश बोलतात. त्यांची मते ठाम आहेत आणि सगळ्यांना ती पटत नाहीत, हेही तुम्हाला कळले पाहिजे. दहाव्या शतकातील दोंग युआनचे म्हणून मेटकडे आलेले ‘नदीकाठ’ हे चित्र खरे तर विसाव्या शतकातील झांग दाछियान या विलक्षण चित्रकाराने बनवलेले आहे, असे केहिल यांचे म्हणणे होते, आणि 1999 मध्ये न्यूयॉर्कला या प्रश्नावर जाणकारांची जाहीर चर्चा झाली. विद्यार्थ्याने हा वाद जरूर वाचावा. रेशमाचे वय, मुद्रांचा पुरावा, पाणी आणि खडक काढण्याची पद्धत यांवर तज्ज्ञ कसे युक्तिवाद करतात आणि एकमेकांशी का असहमत होतात, हे त्यात दिसते.

पुस्तके थोडीच घ्या. सर्वसाधारण इतिहासासाठी मायकेल सलिव्हन यांचे ‘द आर्ट्स ऑफ चायना’ हे जुने पण वाचनीय पुस्तक आहे, परंतु एकच घ्यायचे असेल तर मी क्रेग क्लूनस यांचे ‘आर्ट इन चायना’ (1997) सुचवीन. ते राजवटींच्या क्रमाने जात नाही. थडग्यातील कला, दरबारातील कला, मंदिरातील कला, अभिजनांच्या जीवनातील कला आणि बाजारातील कला अशी विभागणी ते करते. त्यामुळे ब्राँझचे भांडे, बुद्धमूर्ती, फुलदाणी आणि निसर्गचित्र या वस्तू कोणी, कुठे आणि कशासाठी वापरल्या हा प्रश्न पहिल्या पानापासून समोर राहतो. ‘दृश्य संस्कृती’ म्हणून तुम्ही जे विचारले आहे त्याचा पाया हाच आहे.

मूळ चिनी ग्रंथांची भाषांतरे ही मात्र चैन समजू नका. सुसान बुश आणि श्यो-यन शी यांनी संपादित केलेले ‘अर्ली चायनीज टेक्स्ट्स ऑन पेंटिंग’ (1985) हे पुस्तक मिळवाच. त्यात सहाव्या शतकातील शिए ह याची चित्रकलेची सहा सूत्रे आहेत, 847 मध्ये आपला चित्रकारांचा इतिहास पूर्ण करणारा झांग यानयुआन आहे, आणि अकराव्या शतकातील ग्वो शी आहे. डोंगर पायथ्याकडून माथ्याकडे पाहिला तर उंचीचे अंतर, समोरून मागे पाहिला तर खोलीचे अंतर, आणि जवळच्या डोंगरावरून लांबच्या डोंगराकडे पाहिले तर सपाटीचे अंतर, असे ग्वो शी सांगतो. हे वाचून लगेच त्याचे 1072 सालचे ‘वसंतारंभ’ तैपेच्या भांडारात उघडावे. तिन्ही अंतरे एकाच चित्रात सापडतात. इथे थोडे विषयांतर होईल, पण तुम्ही भारतीय कला शिकलेल्या असल्याने सांगतो. कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेतील चित्रकलेची सहा अंगे आणि शिए हची सहा सूत्रे यांची तुलना अवनींद्रनाथ ठाकूर यांनी केली होती आणि ती आजही वारंवार केली जाते. ही तुलना मनोरम आहे, परंतु यशोधर हा शिए हनंतर बऱ्याच काळाने झाला, आणि दोन्हीकडे सहा हा आकडा आहे एवढ्यावरून एकाने दुसऱ्याकडून घेतले असे सिद्ध होत नाही.

आता भाषेचा प्रश्न. चिनी न शिकता रसिक होता येते आणि चांगला शिक्षकही होता येते, पण संशोधक होता येत नाही, असे स्पष्ट सांगणे मला भाग आहे. सुरुवातीला मात्र एवढे पुरे: प्रत्येक चित्रकाराचे नाव आणि चित्राचे शीर्षक चिनी लिपीत वहीत उतरवून घ्यावे आणि शोध घेताना तेच टाकावे. जुन्या आणि नव्या रोमन लेखनपद्धतींमुळे एकच माणूस दोन पुस्तकांत दोन वेगळी माणसे वाटू शकतो, चिनी अक्षरांत तसे होत नाही. प्लेको हा शब्दकोश भ्रमणध्वनीवर मोफत मिळतो. चित्रांवरील लेख पारंपरिक अक्षरांत असतात, म्हणून शिकायचेच असेल तर आधुनिक सोप्या अक्षरांबरोबर पारंपरिक अक्षरेही पहिल्यापासून शिका. मूळ ग्रंथ पाहण्यासाठी ‘चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट’ आणि व्यक्तींची नाती, जन्मगाव, पदे शोधण्यासाठी हार्वर्डचे चिनी चरित्रकोश-भांडार ही दोन्ही खुली आहेत. हे आपल्याला जमणारे नाही असे वाटले तर पुण्याचे पाली-अभ्यासक पु. वि. बापट आठवा. पाली विनयाच्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथाच्या, टीकेच्या चिनी रूपांतराचे त्यांनी जपानी अभ्यासक हिराकावा यांच्यासह केलेले इंग्रजी भाषांतर भांडारकर संस्थेने 1970 मध्ये प्रसिद्ध केले.

प्रत्यक्ष पाहण्यासारखे आपल्याकडे काय आहे, या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठे आहे.

तुम्ही ज्या लेण्यांच्या सहली शाळेतून नेता, त्या अजिंठ्यापासूनच सुरुवात करा. वायव्य चीनमधील दुनह्वांगजवळच्या मोगाओ येथे चित्रे आणि मूर्ती असलेली 492 लेणी टिकून आहेत. दुनह्वांग अकादमीने 2016 मध्ये त्यांतील 30 लेण्यांची डिजिटल दालने सर्वांसाठी उघडली आणि पडद्यावर आपण लेण्यात उभे राहून चारी भिंती आणि छत फिरून पाहू शकतो. मोगाओच्या 254 क्रमांकाच्या, उत्तर वेई या प्राचीन राजवटीच्या काळातील लेण्यात कबुतरासाठी स्वतःचे मांस तोलून देणाऱ्या शिबी राजाची कथा चितारलेली आहे. हीच कथा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आहे. या दोन चित्रांची छायाचित्रे समोर ठेवून राजाची बैठक, तराजूची जागा, भोवतालची माणसे आणि कथेचा क्षण यांची नोंद करा. एक कथा मध्य आशियाच्या वाटेने जाताना चित्रकारांच्या हाती कशी बदलली हे शोधण्यासाठी तुम्हाला मिळालेली सोय बीजिंगच्या विद्यार्थ्याला नाही, कारण अजिंठा तुमच्या राज्यात आहे. झांग दाछियान यालाही ही निकड वाटली होती. 1941 ते 1943 या काळात दुनह्वांगच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्यानंतर तो 1950 मध्ये भारतात आला आणि त्याने अजिंठ्याची चित्रे अभ्यासली.

मोगाओच्या सतराव्या लेण्यातील बंद ग्रंथकोठडी 1900 मध्ये सापडली. 1907 मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांनी तेथील पुजाऱ्याकडून हजारो हस्तलिखिते आणि रेशमी चित्रे अल्प मोबदल्यात मिळवली. त्यांत 868 ही छापील तारीख असलेले वज्रच्छेदिका सूत्र हे बौद्ध पुस्तकही होते. चीनमध्ये ही घटना लूट म्हणून आजही सांगितली जाते, आणि विद्यार्थ्याने ती बाजू ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्टाइन यांच्या मोहिमांना तेव्हाच्या ब्रिटिश भारत सरकारचाही पैसा होता, म्हणून त्या वस्तूंचा एक वाटा दिल्लीला आला आणि राष्ट्रीय संग्रहालयाच्या मध्य आशियाई विभागात तो आहे. रेशमावरचे खरे दुनह्वांग चित्र पाहण्यासाठी आपल्याला देशाबाहेर जावे लागत नाही. ते दालन त्या काळात उघडे आहे का, हे मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्या. जगभर विखुरलेली दुनह्वांगची हस्तलिखिते आणि चित्रे एकत्र पाहण्यासाठी 1994 मध्ये ब्रिटिश लायब्ररीत सुरू झालेला आंतरराष्ट्रीय दुनह्वांग प्रकल्प हे मुख्य साधन आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या चिनी वस्तू आहेत. चिनी मातीची भांडी, जेडच्या वस्तू, तपकिरीच्या छोट्या कुप्या अशा या वस्तू बहुतांशी उत्तरकालीन आहेत, म्हणून अभ्यासक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि ते मला योग्य वाटत नाही. या वस्तू येथे कशा आल्या याचा शोध घेतला तर मुंबई आणि दक्षिण चीनचे बंदर कँटन (आजचे ग्वांगझोऊ) यांच्यातील कापूस आणि अफूच्या व्यापारापर्यंत जावे लागते. त्याच व्यापारातून पारशी घरांत चिनी भरतकामाची ‘गारा’ साडी आली, त्याच काळात चिनी कारागिरांनी काचेच्या मागील बाजूने रंगवलेली चित्रे पश्चिम भारतातील धनिकांच्या घरी पोचली, आणि ज्यांच्या देणगीतून 1857 मध्ये मुंबईचे कलाविद्यालय उभे राहिले त्या जमशेटजी जीजीभाई यांची संपत्तीही चीनच्या व्यापारातूनच आली होती. अफूचा हा भाग सांगताना आपण सहसा अडखळतो, पण तो वगळून या वस्तूंचा प्रामाणिक इतिहास लिहिता येणार नाही. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या ‘व्हिज्युअलायझिंग कल्चर्स’ या संकेतस्थळावर कँटनच्या व्यापारावर चित्रांसह उत्तम प्रकरणे आहेत.

चिनी मातीच्या भांड्यांच्या अभ्यासातील एक फार मोठे नाव मुंबईचे आहे. सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म 1892 मध्ये मुंबईत झाला. त्यांनी जमवलेली सुमारे 1,700 भांडी आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयाच्या 95 क्रमांकाच्या दालनात आहेत आणि त्यांची छायाचित्रे संग्रहालयाच्या सूचीत पाहता येतात. त्यांतील निळ्या-पांढऱ्या रंगांच्या दोन फुलदाण्यांच्या मानेवर 1351 या वर्षाचा लेख आहे. त्या तारखेच्या आधारावर युआन काळातील निळी-पांढरी भांडी ओळखण्याची फूटपट्टी अभ्यासकांना मिळाली. ‘चिनी भांडे म्हणजे मिंग’ असे आपण सहज म्हणतो, ते का अपुरे आहे, हे या एका जोडीवरून कळते.

आधुनिक काळाच्या दृश्य संस्कृतीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तुमचे मन सध्या जुन्या चित्रांत आहे असे पत्रावरून दिसते. शांघायचे सचित्र नियतकालिक ‘द्यानशिझाय’ (1884–1898) एमआयटीच्या त्याच संकेतस्थळावर भेटेल. साम्यवादी काळातील भित्तिपत्रकांसाठी अॅमस्टरडॅमच्या सामाजिक इतिहास संस्थेचा आणि श्टेफान लान्ट्सबेर्खर यांचा संग्रह ‘चायनीज पोस्टर्स’ या संकेतस्थळावर विषयवार लावलेला आहे. 1980 नंतरच्या कलेसाठी हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हला पर्याय नाही. तिथे त्या दशकातील चिनी कलावंतांची पत्रे, छायाचित्रे आणि मुलाखती जतन केल्या आहेत. या संस्थेची शाखा दिल्लीतही आहे आणि बडोद्याच्या कलावंतांची कागदपत्रेही तिने जपली आहेत, त्यामुळे 1980 च्या दशकातील बीजिंग आणि बडोदे यांचा एकत्र विचार करू पाहणाऱ्याला एकाच ठिकाणी दोन्ही सापडतात.

भरवशाबद्दल विचारलेत म्हणून सांगतो. छायाचित्राखाली संग्रहालयाचे नाव, वस्तूचा नोंदणी क्रमांक आणि मापे नसतील तर ते छायाचित्र अभ्यासासाठी धरू नका, मग ते कितीही देखणे असो. लिलावगृहांच्या सूचींत छायाचित्रे आणि मालकीचा इतिहास चांगला असतो, परंतु चित्र कोणाचे हे ठरवण्यात तिथे विक्रीचा हितसंबंध असतो, हे लक्षात ठेवून वाचावे. संशोधन-नियतकालिकांतील लेखांसाठी जेस्टोर या ऑनलाइन भांडारावर वैयक्तिक खाते काढले तर महिन्याला ठरावीक लेख मोफत वाचता येतात, आणि जवळच्या महाविद्यालयात ‘एन-लिस्ट’ची (महाविद्यालयांना ई-नियतकालिके पुरवणाऱ्या योजनेची) सोय असेल तर तेथील ग्रंथपालांना अवश्य भेटा.

रीतसर शिक्षणासाठी भारतात चिनी कलेच्या इतिहासाला वाहिलेला विभाग शोधत बसू नका. भाषा आणि कलेतिहास वेगवेगळ्या ठिकाणी शिकून जोडावे लागतील. चिनी भाषेसाठी 1937 मध्ये स्थापन झालेले शांतिनिकेतनचे चीनाभवन आहे आणि दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे, जिथे कलेतिहासाचाही स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. चीनाभवनाजवळच कलाभवन हा कलाशिक्षणाचा विभाग आहे आणि 1939–40 मध्ये शू बेईहोंग हा चिनी चित्रकार शांतिनिकेतनात राहून काम करून गेला, तेव्हा भाषा आणि कला जोडण्याला तिथे पूर्वपरंपरा आहे. नोकरी सांभाळून एवढे जमणार नसेल तर तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची भाषा शिकण्यासाठीची हुआयू शिष्यवृत्ती पाहा. ती काही महिन्यांच्या मुदतीसाठीही मिळते, आणि तैपेत राहिलात तर राजवाडा संग्रहालय शहरातच आहे. अर्ज करताना शेकडो दुव्यांची यादी कामाला येणार नाही, एका चित्रावर तुम्ही स्वतः लिहिलेला वीस पानांचा निबंध येईल. तो आधी मराठीत लिहा. तुलना, वर्णन आणि शंका ज्या भाषेत तुम्हाला नेमक्या मांडता येतात तीच पहिल्या मसुद्याची भाषा असावी.

शेवटी, आठवी-नववीच्या वर्गात ही चित्रे दाखवता येतील का, या तुमच्या ताज्या कलमाबद्दल. मेट आणि क्लीव्हलँडची प्रताधिकारमुक्त म्हणून दर्शवलेली छायाचित्रे तुम्ही छापू शकता, भिंतीवर लावू शकता, पाठात वापरू शकता. क्लीव्हलँडच्या संग्रहातील एखादी आडवी गुंडाळी कागदाच्या पट्टीवर छापून दोन टोकांना काठ्या लावल्या तर मुलांना ती उलगडून पाहता येईल. दुनह्वांगची डिजिटल दालने मात्र वर्गात पडद्यावर दाखवा, त्यांतील चित्रे परवानगीशिवाय छापू नका.